प्रमुख पाहुण्यांनी स्थानापन्न व्हावे

माझा धंदा निरोप देण्याचा. कुणी निवृत्त होतं, कुणाची बदली होते, कुणाची मुलगी सासरी निघते, तिथं मी हातात माईक घेऊन उभा असतो. आमच्या कोल्हापुरात निवेदक गल्लोगल्ली सापडतील, पण जिथं पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी यायलाच पाहिजे, तिथं मला बोलावतात. मी आवाज किंचित खाली घेतो, एका शब्दाआधी थांबतो, आणि पहिल्या रांगेतल्या बायका पदर शोधायला लागतात. मग मी मांडवाच्या मागं जाऊन आचाऱ्याकडनं चहा मागून घेतो. माझी मुलगी गडहिंग्लजला दिली, तेव्हा तिच्या पाठवणीचं निवेदनही मीच केलं. सगळा मांडव रडला. मी चहा प्यालो.

हे बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे, थोडी बढाई आहेच. पण माझ्यासारख्या माणसाला घरच्या तिघांनी आणि एका कुत्र्यानं मिळून कसं गंडवलं, आणि तेही माझ्याच ठेवणीतल्या आवाजात, हे समजायचं तर तो आवाज काय चीज आहे ते आधी समजलं पाहिजे.

माझं म्हणणं फार मोठं नव्हतं. कुत्रा माझा आहे, एवढंच मी म्हणत होतो.

त्याला आणला माझ्या धाकट्या भावानं. भाऊ शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, साच्यांची कामं बघायचा. एका संध्याकाळी तो डब्याच्या पिशवीतनं पिल्लू घेऊन आला. वाळूच्या ढिगावर एकटंच बसलं होतं म्हणाला. काळंकुळकुळीत, पंजे जाड, नजर करारी. मी ते उचललं, दारात गेलो आणि गल्लीला जाहीर केलं, "बघून घ्या. डॉबरमनचं रक्त हाय." समोरचे दूधवाले मामा रस्ता ओलांडून आले. त्यांनी पिल्लाचा जबडा उघडून म्हशीचे बघतात तसे दात बघितले आणि गंभीरपणे मान हलवली. तोवर भावजयीनं त्याला न्हाणीघरात नेलं आणि दोन बादल्या पाणी ओतलं. पाणी काळं झालं आणि कुत्रा पिवळा. सगळी फाउंड्रीची काळी वाळू होती. ती जे पुसून बाहेर घेऊन आली ते साधं गव्हाळ रंगाचं, कुठल्याही चौकात दिसेल असं कुत्रं होतं, उजवा कान मधेच मोडलेला. दूधवाले मामा अजून दारातच होते.

"भाऊ," ते मला म्हणाले, "रक्त धुवून गेलं की."

म्हणजे या प्राण्याची आणि माझी ओळखच फसवणुकीनं झाली. मी तेव्हाच धडा घ्यायला पाहिजे होता.

त्याचं नाव मी इथं देत नाही. ते भावजयीनं ठेवलं होतं आणि ते तिच्याबरोबर गेलं.

आमचं घर दुमजली. आम्ही नवराबायको खाली, भाऊ आणि भावजय वर. भाऊ सकाळीच शिरोलीला जायचा. भावजय राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये गणित शिकवायची, ती दुपारी जायची ती संध्याकाळी यायची. माझे कार्यक्रम बहुतेक रात्रीचे. त्यामुळं कुत्र्याचा दिवस माझ्या वाट्याला आला. मी कार्यक्रमाची तयारी मोठ्यानं बोलून करतो. बायको पहिल्या वाक्यालाच उठून मागच्या अंगणात जाते. कुत्रा मात्र समोर बसायचा, मोडका कान माझ्याकडं करून, शेवटपर्यंत. सेवानिवृत्त मुख्याध्यापक, नवं दुकान, वाढदिवस, त्यानं सगळं ऐकलं. इतका चांगला श्रोता मला दुसरा मिळालेला नाही.

आणि मग रविवार. रविवारी मटण मी करतो, त्यात कुणी हात घालायचा नाही. तांबडा-पांढरा रस्सा करायच्या आधी मटणाचं जे साधं, बिनतिखटाचं पाणी निघतं त्याला आमच्याकडं अळणी म्हणतात. लहान पोरांना आणि आजारातनं उठलेल्यांना ते वाटीभर देतात. कुत्र्याला कांदा-लसूण चालत नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून मी त्याची हाडं वेगळ्या पातेल्यात, नुसत्या हळदीवर शिजवायला लागलो. रविवारी सकाळी तो वरच्या मजल्यावर नसायचाच. माझ्या पायापाशी, गॅसच्या ओट्याकडं तोंड करून, पूजेला बसल्यासारखा बसलेला असायचा. कुत्रा कुणाचा, हा प्रश्न आमच्या घरात कुणी काढत नव्हतं, कारण उत्तर तिथं बसलेलं दिसत होतं.

अशाच एका रविवारी जेवताना भावानं सांगितलं की त्याला जर्मनीतल्या एका फाउंड्रीत नोकरी मिळाली आहे. दोघं जाणार, कायमचंच म्हणायचं. मी आनंदानं उभा राहिलो, रश्शाचा हात पुसला आणि तिथंच एक छोटं अभिनंदनपर भाषण केलं. भाषण संपल्यावर मला सुचलं.

"आणि ह्यो?" मी पायापाशी बघत विचारलं.

"ह्यो तुझ्याकडं की," भाऊ म्हणाला. "तुला सोडून ते ऱ्हातंय व्हय, दादा?"

भावजय ताटात बघत होती. माझ्या बायकोला अचानक लिंबू आठवलं आणि ती आत गेली. लिंबू ताटातच होतं. हे मला तेव्हा दिसलं होतं, नाही असं नाही. पण माणूस खूश असला की त्याला लिंबू दिसून उपयोग नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गल्लीभर सांगत सुटलो. भाऊ चालला याचं दुःख आहेच, पण कुत्रा माझ्याकडं ठेवून चाललाय. दूधवाले मामा म्हणाले, "बरं झालं. तुमचं भाषण ऐकायला कोणतरी पायजेच."

पुढचे काही महिने मी ज्या उत्साहानं माझ्याच पायावर धोंडा टाकत होतो, तो उत्साह आठवला की आजही मला स्वतःचं कौतुक वाटतं.

आधी भाऊ म्हणाला, कुत्र्याच्या मानेत ती चिप बसवून घेऊ. तांदळाच्या दाण्याएवढी असते, हरवला तर सापडतो. मी म्हटलं, हरवतोय कशाला, त्याला गल्ली ओळखते. पण भाऊ हट्टाला पेटला, आणि मला वाटलं, जाता जाता माझ्या कुत्र्याची किती काळजी करतोय. राजारामपुरीतल्या डॉक्टरांकडं मीच त्याला रिक्षातनं नेला. मग लस झाली. मग काही आठवड्यांनी रक्त काढायचं निघालं. किडनीचं एकदा बघून घेतलेलं बरं, भाऊ म्हणाला. कुत्रा टेबलावर आडवा पडेना. डॉक्टर मला म्हणाले, "तुम्ही धरा हो, तुमचं ऐकतो तो." मी त्याचं डोकं काखेत घेतलं आणि कानात आगामी अमृतमहोत्सवाचं निवेदन म्हणायला लागलो. तो शांत झाला. डॉक्टरांनी बाटली भरून घेतली. "रिपोर्टला वेळ लागेल," ते म्हणाले, "लांब जातंय हे." मी पुणे धरून चाललो.

ते रक्त परदेशातल्या प्रयोगशाळेत गेलं. कुत्र्याला परदेशी न्यायचा असेल तर आधी त्याचं रक्त तपासतात, मग काही महिने थांबावं लागतं आणि मगच त्याला आत घेतात. हे मला आता माहीत आहे. तेव्हा मी घरी येऊन बायकोला सांगितलं की भावानं कुत्र्याची किडनीसुद्धा तपासून घेतली, असा भाऊ मिळायला भाग्य लागतं. बायको म्हणाली, "चहा टाकू का?"

मग आलं ते घर. घर म्हणजे करड्या रंगाची मोठी प्लास्टिकची पेटी, बाजूला झरोके, पुढं तारेची जाळी असलेलं दार. टेम्पोतनं उतरवताना समोरनं विचारणा झाली, "कोंबड्या पाळायच्या हाईत व्हय?" भावानं मला आत बसवून नीट समजावलं. आमचा कुत्रा दिवाळीच्या फटाक्यांना भयंकर भितो, पलंगाखाली जाऊन थरथरत बसतो. तर अशा कुत्र्याला स्वतःची खोली लागते. आम्ही गेल्यावर पहिल्याच दिवाळीत तुला त्रास नको, दादा.

खोटं बोलावं तर असं बोलावं. त्यातले फटाके खरे होते, पलंग खरा होता, थरथरणं खरं होतं. एवढं खरं बघून मी बाकीचं तपासलंच नाही.

कुत्रा मात्र पेटीत जाईना. भावजय मोबाईलवर बघून शिकवायला बसायची. आत बिस्किट ठेवायची, लाडीगोडी लावायची. तो मान लांब करून बिस्किट काढून घ्यायचा, मागचे पाय बाहेरच. ती एकदा हरली की रडवेली व्हायची, आणि मला नवल वाटायचं, फटाक्यांना अजून इतका अवकाश आहे आणि ही आत्तापासून का रडते. शेवटी माझ्यातला कलावंत जागा झाला. मी म्हटलं, "बाजूला व्हा. पाहुण्याला खुर्चीवर बसवायचं काम माझं हाय."

रविवार होता. मी अळणीची वाटी पेटीत अगदी मागं ठेवली. कुत्र्याला समोर उभा केला, घसा साफ केला, आणि पाचशे लोकांसमोर लावतो तो आवाज लावला.

"आता मी आजच्या कार्यक्रमाच्या प्रमुख पाहुण्यांना नम्र विनंती करतो, की त्यांनी व्यासपीठावर येऊन…"

इथं मी थांबलो. कुत्र्याचा मोडका कान अर्धा उभा राहिला.

"…स्थानापन्न व्हावे."

तो गेला. सगळाच्या सगळा, शेपटीसकट. वाटी चाटून पुसून झाल्यावर आतच वळला आणि जाळीतनं माझ्याकडं बघत बसला, खरोखर एखाद्या साखर कारखान्याच्या संचालकासारखा. मी टाळ्या वाजवल्या. बायकोनं वाजवल्या. भाऊ मोबाईलवर चित्रण करत होता. भावजय ओठ दाबून जिन्यानं वर निघून गेली. माझ्या कलेनं ती भारावली, असं मी समजलो.

त्यानंतर रोज तालीम. अळणी रोज कुठनं आणायची, पण फ्रीजमध्ये थोडी थोडी धरून ठेवायला लागलो. हळूहळू वाटी आधी ठेवायची गरज उरली नाही. मी विनंती करायचो, तो आत जाऊन बसायचा, मी दार लावायचो, त्याचा अल्पपरिचय करून द्यायचो, आणि मग वाटी यायची. परिचय दिवसेंदिवस लांबत गेला. त्यानं कधी कुरकुर केली नाही. वाटी येणार याची त्याला खात्री असायची. संध्याकाळी गल्लीतली माणसं मुद्दाम बघायला यायची. मी जगातला पहिला निवेदक असेन, ज्यानं स्वतःच्या कुत्र्याला स्वतःच्या जिभेनं, टाळ्या घेत घेत, जर्मनीला जायच्या पेटीत बसायला शिकवलं.

मला कळलं ते चौकात.

आमच्याकडं कुणी परदेशी निघालं की तरुण मंडळाची पोरं फ्लेक्स लावतात. त्याला कुणी सांगावं लागत नाही आणि कुणी थांबवूही शकत नाही. घरच्यांनी महिनोन्‌महिने जपलेली गोष्ट त्या पोरांना कुणी जपायला सांगितली नव्हती. निघायला दोन-तीन दिवस उरले होते. मी एका सेवानिवृत्तीच्या कार्यक्रमाहून परत येत होतो, खांद्यावर सत्काराची शाल होती. चौकात दोन खांबांमध्ये फ्लेक्स झळकत होता. भाऊ फेटा बांधलेला. शेजारी भावजय. मागं विमान. आणि दोघांच्या मधोमध, सगळ्यांत मोठा, काळा गॉगल आणि गळ्यात सोन्याची साखळी चिकटवलेला आमचा कुत्रा. खाली लिहिलं होतं, तिघांनाही जर्मनी प्रस्थानानिमित्त हार्दिक शुभेच्छा.

मी तिघांनाही हा शब्द पुन्हा वाचला. मग तळाशी शुभेच्छुकांची जी लहान लहान तोंडं असतात, त्यांत मला माझं तोंड सापडलं. अंगठ्याएवढं. हसत होतं.

दूधवाले मामा किटली घेऊन शेजारी येऊन उभे राहिले.

"कुत्रं बी चाललंय की, भाऊ," ते म्हणाले. "तुमी न्हाय चालला?"

घरी वरच्या मजल्यावर बॅगा उघड्या पडल्या होत्या. भाऊ, भावजय आणि माझी बायको चटणीची पाकिटं कपड्यांत गुंडाळत बसले होते. कुत्रा त्या पाकिटांचा वास घेत फिरत होता.

"चौकातला फ्लेक्स बघितला," मी म्हणालो.

"बरा झालाय न्हवं?" भाऊ म्हणाला आणि मग त्याच्या लक्षात आलं.

"कुत्र्याचा गॉगल जरा तिरका हाय," मी म्हणालो.

बायकोनं हातातलं पाकीट खाली ठेवलं.

"दादा, सांगणारच होतो."

"कवा? विमानातनं?"

"भाऊजी," भावजय म्हणाली, "हे दिवसभर कामावर जाणार. मी तिथं घरात एकटी. भाषा न्हाई, माणूस न्हाई. त्याला पण इथं टाकून गेलो, तर मी तिथं कुणाशी बोलू?"

"ते मला पहिल्याच दिवशी सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?" हे माझ्या बायकोनं विचारलं. "खरं सांगा. गॅलरीत माईक लावला असता."

"असं कसं म्हणतेस तू?"

"गल्लीची सभा घेतली असती. कुत्रा बचाव कृती समिती काढली असती. अध्यक्ष तुम्ही. शेजारच्या इमारतीची भिंत पाडायची म्हटल्यावर जोत्यावर उपोषणाला बसलावता, ती भिंत आपली सुद्धा नव्हती."

मी उत्तरासाठी तोंड उघडलं. सगळ्यांत जास्त कशाचा राग आला असेल, तर कृती समिती मला सुचायच्या आधी तिला सुचली याचा. मग मी तोंड मिटलं आणि खाली निघून आलो. मी ओरडलो असतो तर त्यांना बरं वाटलं असतं. ते जिन्याच्या तोंडाशी उभे राहून वाट बघत होते. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी मी घरात काहीही बोललो नाही, आणि घाबरून बायकोनं दोनदा माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

रक्त काढताना डोकं मी धरलं होतं. पेटीत मी बसवला होता. टाळ्याही मीच वाजवल्या होत्या. त्या चटणीच्या पाकिटांइतकाच मीही त्यांच्या सामानाचा एक भाग होतो, फक्त मला गुंडाळायला कपडा लागला नाही.

मंडळानं चौकात निरोपाचा कार्यक्रम ठेवला आणि निवेदनाला मला सोडून दुसरा कोण बोलावणार. मी गेलो. धंदा तो धंदा. भावाला फेटा, भावजयीची ओटी, कुत्र्याला छोटा फेटा. तो त्यानं लगेच पायानं काढून टाकला. मी आता काय बोलतो म्हणून सगळी गल्ली श्वास रोखून होती. मी काहीही टोचून बोललो नाही. आवाज खाली घेतला, थांबायचं तिथं थांबलो. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. माझ्यापुढं चहा आला, तो मी दूधवाल्या मामांना दिला.

निघायची सकाळ उजाडली. मुंबईपर्यंत गाडी, पुढं विमान. कुत्र्याचं पोट हलकं ठेवायचं, थोडं पाणी, बाकी काही नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पेटी अंगणात ठेवली होती. ड्रायव्हरनं डिकी उघडली होती. गल्ली दारादारांत उभी होती. मी पायरीवर पेपर उघडून बसलो.

भावजयीनं बोलावलं. कुत्रा गेला नाही. भावानं उचलून आत घालायचा प्रयत्न केला, तर त्यानं चारी पाय पेटीच्या कडांना लावले. खाली उतरवला की तो माझ्याकडं येऊन बसायचा आणि पेपरच्या खालनं तोंड वर काढायचा.

"दादा," भाऊ म्हणाला, "तू म्हटल्याशिवाय ते आत जात न्हाई."

"आज माझी सुट्टी हाय."

पेपरातला एकही शब्द मला दिसत नव्हता. पण ते त्यांना दिसत नव्हतं. सगळी सत्ता माझ्या जिभेवर येऊन बसली होती, आणि खरं सांगायचं तर मला फार मजा येत होती. भावजयीनं अंगावरची ओढणी काढून पेटीत अंथरली, पुन्हा बोलावलं. तो जागचा हलला नाही. मग ती अंगणातच खाली बसली. थोडा वेळ त्याच्या पाठीकडं बघत राहिली.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "न्हाई येत तो. तुम्ही ठेवा, भाऊजी."

मी जिंकलो होतो. कुत्रा माझा होता. इथं मी पेपर घडी घालून नुसतं "बरं" म्हटलं असतं, तर आज हे लिहीत बसलो नसतो. पण मला ते तसं नको होतं. तिनं दिला म्हणून मला मिळायला नको होता. महिनोन्‌महिने मला गंडवणाऱ्या तिघांच्या आणि सगळ्या गल्लीच्या देखत, त्यानं स्वतः मला निवडायला पाहिजे होतं. वाटी नव्हती. तालमीत वाटी नंतर यायची, पण अळणीचा वास घरात असायचा; आज तोही नव्हता. अशा रिकाम्या पेटीत तो माझ्या तोंडच्या चार शब्दांसाठी कशाला जाईल. मी विनंती करणार, तो नकार देणार, आणि मग मी मान खाली घालून म्हणणार होतो, बघा, मी तरी काय करू. तेवढं वाक्य तयारही होतं.

मी उठलो. विजेचं बिल वाचतात तशा आवाजात, कुठंही न थांबता, म्हणून टाकलं, "प्रमुख पाहुण्यांनी स्थानापन्न व्हावे."

तो उठला. शेपूट हलवत सरळ पेटीत गेला, भावजयीच्या ओढणीवर एक गिरकी घेतली, वळला आणि बसला. मग त्यानं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. भावानं दार लावलं तरी तो माझ्याकडंच बघत होता.

त्याची वाटी आत ओट्यावर उपडी पडली होती. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं. मी अल्पपरिचयसुद्धा करून दिला नाही. पेटी उचलताना तो जाळीतनं माझ्या हाताकडं बघत होता, रिकाम्या. गाडी वळेपर्यंत मला मागच्या काचेतनं तो कान दिसत होता. घरच्यांनी मला आधीच फसवलं होतं, त्या दिवशी वरनं कुत्र्यानंही फसवलं. पण वाटी मिळाली नाही ती त्याला.

मुंबईत तपासणीसाठी त्याला बाहेर काढला, तेव्हा तिथल्या गोंगाटाला घाबरून तो आपणहून धावत पेटीत शिरला, असं भावानं फोनवर सांगितलं. भावाला वाटलं मला बरं वाटेल.

रविवारी त्यांचा व्हिडिओ फोन येतो. पहिल्या फोनला मी विचारून विचारून थकलो, बर्फ आहे का, गाद्या बऱ्या आहेत का, कुत्रा कुठाय. भावजयीनं मोबाईल फिरवला. कुत्रा दिसेना. "आत्ता तर इथं होता," ती म्हणाली. मग त्यांना सापडला. पेटी खोलीच्या कोपऱ्यात ठेवली होती. माझा आवाज ऐकून तो तिच्यात जाऊन, तोंड बाहेर करून ताठ बसला होता. भाऊ हसला. "दादा, काय ट्रेनिंग दिलंयस," म्हणाला. फोन संपल्यावरही कुत्रा बराच वेळ तसाच बसून होता, हे भावानं पुढच्या रविवारी सांगितलं. त्याही वेळी कुत्रा पेटीत बसलेलाच होता.

तेव्हापासनं मी फोनवर बोलणं बंद केलं. बायको बोलते, मी शेजारी बसून हात हलवतो, मान हलवतो, हसतो. "पंचवीस वर्षांत मला जमलं न्हाई," बायको भावजयीला म्हणाली, "ते तुझ्या कुत्र्यानं केलं." सगळे हसले. मीही हसलो, पण आवाज न करता.

काही रविवार असे गेले. मग एकदा भावजयीनं विचारलं, "भाऊजी अजून चिडलाय व्हय माझ्यावर?" आता याचं उत्तर खुणेनं कसं देणार. मी मोबाईल घेऊन मागच्या अंगणात गेलो आणि हळू आवाजात सांगितलं, मी बोललो की तो आत जाऊन बसतो, आणि वाटी येत नाही.

पुढच्या रविवारी तिनं एका तुर्की माणसाच्या दुकानातनं हाडं आणली होती. मी फोनवरनं सांगत गेलो, ती करत गेली. कांदा नको, मीठ नको, हळद चिमूटभर, आच मंद. आणि कुत्रा, अर्थातच, पहिल्या शब्दाला पेटीत. वाटी तयार झाल्यावर ती म्हणाली, "आता म्हणा." मी उभा राहिलो, ठेवणीतला आवाज लावला, पूर्ण विनंती केली, थांबायचं तिथं थांबलो, आणि राहिलेला अल्पपरिचयही करून दिला. तिनं वाटी आत ठेवली. तो कसा चाटत होता ते इथपर्यंत ऐकू येत होतं. चाटून झाल्यावर तो बाहेर आला, मोबाईलकडं न बघता तिच्या पायावर जाऊन पडला आणि झोपला.

त्याच्या पुढच्या रविवारी फोन उशिरा आला. "भाऊजी, एक दाखवायचं हाय," भावजय म्हणाली. तिनं मोबाईल कपाटाला टेकवून ठेवला, कुत्र्याला समोर उभा केला, घसा साफ केला. तिचा आवाज पातळ, गणित शिकवणारा. पण शब्द माझे होते, एकूण एक, नम्र विनंतीसकट. कुत्र्याचा मोडका कान उभा राहिला. तो गेला आणि बसला. वाटी आली.

"बरोबर म्हटलं का?" तिनं विचारलं.

माझा कुत्रा गेला होता, आणि आता माझं वाक्यही गेलं होतं. माझी बायको माझ्या तोंडाकडं बघत होती.

"स्थानापन्नच्या आधी थोडं थांबायचं," मी म्हणालो. "परत म्हण."